वाचकांचे प्रश्न : इटालियन रेस्टॉरंटमधलं खास जेवण

प्रश्न : आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही सहा जण एका मोठ्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जाणार आहोत. मेनूवर अँटिपास्ती, प्रिमी, सेकोंदी, कोंतोर्नी, दोल्ची अशी पाच सदरं आहेत. प्रत्येकाने प्रत्येक सदरातलं काहीतरी घ्यायलाच हवं का?

उत्तर : अजिबात नाही. तसं केलंत तर गोड येईपर्यंत निम्मी मंडळी हात टेकतील. अँटिपास्ती म्हणजे सुरुवातीचं थोडंथोडं खाणं, प्रिमी म्हणजे पास्ता, रिसोत्तो (स्टॉकमध्ये शिजवलेला मऊसर भात), नोक्की (बटाट्याचे छोटे गोळे) किंवा सूप, सेकोंदी म्हणजे मासे किंवा मांस, दोल्ची म्हणजे गोड. गफलत होते ती सेकोंदीत. ताटात बहुतेक वेळा मांसाचा तुकडा आणि त्याचा रस एवढंच येतं. बटाटे, पालेभाजी, सॅलड हे सगळं कोंतोर्नीतून वेगळं मागवावं लागतं. पास्ताही एकट्याने पोट भरेल एवढा नसतो. माणशी ८० ते १०० ग्रॅम सुका पास्ता धरतात, कारण त्यानंतर सेकोंदो येणार हे गृहीत असतं.

सहा जणांना तीन अँटिपास्ती मधे ठेवून वाटून घेता येतात. पुढे ज्याने-त्याने प्रिमो किंवा सेकोंदो घ्यावा, जोडीला दोन-तीन कोंतोर्नी, शेवटी तीन गोड पदार्थ आणि सहा चमचे. ज्याला दोन्ही हवेत त्याने प्रिमोचं अर्धं प्रमाण मिळेल का, हे विचारावं. मात्र काहींनी प्रिमो आणि काहींनी सेकोंदो घेतला असेल, तर 'सगळं एकदम आणा' असं ऑर्डर देतानाच सांगा. नाहीतर स्वयंपाकघर आपल्या क्रमाने चालतं : पास्तावाल्यांचं संपतं आणि मासेवाले रिकाम्या ताटाकडे बघत बसतात.

रिसोत्तोचा तांदूळ शिजायला १६ ते १८ मिनिटं लागतात. म्हणून काही ठिकाणी तो किमान दोघांसाठीच करतात. आला की ताट किंचित कलतं करून बघा. चांगला रिसोत्तो सावकाश पसरतो. ढीग जागचा हलला नाही, तर तो बराच वेळ वाढून ठेवलेला आहे किंवा जास्त आटला आहे.

बुकिंग करताना टेबल किती वाजेपर्यंत आपलं आहे, तेही विचारून घ्या. एवढ्या जेवणाला अडीच तास सहज लागतात, आणि काही ठिकाणी त्याच टेबलावर दुसरी पंगत ठरलेली असते. केक बाहेरून आणणार असाल तर परवानगी आणि कापून वाढण्याचं शुल्क, दोन्ही तेव्हाच ठरवा.

प्रश्न : मी शाकाहारी आहे, दूध, अंडं चालतं. 'यात मांस आहे का?' एवढं विचारलं की पुरे ना?

उत्तर : पुरे नाही. वेटर प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल आणि तरी ताटात प्राणिज घटक असेल. पहिला मुद्दा चीजचा. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या द्रव्याने) विरजतात, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. पार्मिजानोचा तर नियमच तसा आहे, त्यामुळे 'शाकाहारी पार्मिजानो' असं काही नसतं. हे चीज फक्त वरून भुरभुरलेलं नसतं. पेस्तोत, राव्हिओलीच्या सारणात, रिसोत्तोच्या शेवटच्या घोटणीतही असतं. ते चालवून घ्यायचं की नाही हा ज्याचा-त्याचा प्रश्न, पण ठाऊक असावं.

दुसरा मुद्दा स्टॉकचा, म्हणजे हाडं, मांस किंवा भाज्या उकळून काढलेल्या पाण्याचा. रिसोत्तो आणि सूप बहुधा कोंबडीच्या किंवा गोमांसाच्या स्टॉकमध्ये शिजतात. पारंपरिक मिलानेझे रिसोत्तोत केशराबरोबर हाडातली मज्जाही असते. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोव्ही मासे विरघळून जातात, दिसतही नाहीत. पान्ना कोत्ता या क्रीमच्या गोड पदार्थात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. तिरामिसूत तो प्रश्न नाही, मात्र त्यातली अंडी पुष्कळदा कच्ची असतात. टेबलावर कुणी गरोदर असेल तर विचारा.

तेव्हा प्रश्न नेमके हवेत : स्टॉक कशाचा, चीज कोणतं, जिलेटिन आहे का. दोन दिवस आधी, रेस्टॉरंटमधली दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर फोन करा. ऐन गर्दीत विचारलं तर शेफ पदार्थातून घटक काढून देतो, आधी सांगितलं तर वेगळा पदार्थ करतो. ताटात हा फरक चांगलाच कळतो. आयत्या वेळी अडलात तर आल्यो ए ओल्यो (लसूण आणि ऑलिव्ह तेलातला पास्ता), चीजशिवाय अर्राब्बियाता (तिखट टोमॅटो सॉसमधला पास्ता) आणि कापोनाता (वांग्याची आंबटगोड भाजी) हे त्यातल्या त्यात भरवशाचे.

प्रश्न : एका पदार्थापुढे 'ट्रफल, वजनाप्रमाणे' असं लिहिलं होतं. बिलाचा अंदाज कसा करायचा?

उत्तर : ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी उग्र वासाची महागडी अळंबी. ताजा पांढरा ट्रफल टेबलापाशी किसतात. आधी आणि नंतर वजन करून जेवढा घटला तेवढ्याचे पैसे लावतात. माणशी पाच ग्रॅमही पुष्कळ होतो. किसायला सुरुवात होण्यापूर्वी दर ग्रॅमचा भाव विचारा आणि आकडा सांगा. 'पुरे' म्हणायची वाट बघत ते किसतच राहतात. इटलीतल्या आल्बा गावाच्या बाजूच्या पांढऱ्या ट्रफलचा भर ऑक्टोबर ते डिसेंबर. मे-जूनमध्ये मिळतो तो उन्हाळी काळा ट्रफल, वासाने बराच सौम्य आणि पुष्कळ स्वस्त. पांढरा शिजवत नाहीत, कारण आचेने वास उडतो. म्हणून तो लोण्यातल्या साध्या पास्त्यावर किंवा अंड्यावर घ्यावा. ट्रफल तेलाचा वास बहुतेक वेळा कृत्रिम असतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं आमचं स्पष्ट मत.

अख्खे मासे आणि फ्लोरेन्सचा प्रसिद्ध बिस्तेक्का (गोमांसाचा जाड स्टेक) यांच्यापुढेही कधी 'एत्तो'चा, म्हणजे १०० ग्रॅमचा भाव असतो. बिस्तेक्का हाडासकट एक ते दीड किलोचा येतो, तेव्हा छापील आकड्याला दहा ते पंधराने गुणा. तो आतून लालच असतो. पूर्ण शिजवून मागणार असाल तर दुसरं काही घ्या.

प्रश्न : वाइन उघडल्यावर घोटभर ओततात, तेव्हा नेमकं काय करायचं?

उत्तर : आधी लेबल बघा : उत्पादक आणि साल तुम्ही मागितलेलंच आहे ना? मग ग्लास फिरवून वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बाटली बिघडलेली आहे. बिनधास्त परत करा. चव आवडली नाही, हे मात्र परत करण्याचं कारण होत नाही. जुना बारोलो (इटलीतली एक रेड वाइन) हवा असेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे बाटली उभी ठेवून गाळ तळाशी बसवता येतो. पाहुण्यांसमोर बजेट बोलायचं नसेल, तर यादीतल्या एका किमतीवर बोट ठेवून 'अशा प्रकारची' म्हणा. सोमेलिए, म्हणजे वाइन सुचवणारा माणूस, समजून घेतो.

प्रश्न : रात्री जेवणानंतर कापुचिनो मागितली तर चालते का? आणि स्पॅगेटीला चमचा?

उत्तर : कापुचिनो इटलीत सकाळची, मागितलीत तर आणून देतील. एस्प्रेसो गोडाबरोबर नव्हे, गोडानंतर येते, एकत्र हवी असेल तर सांगावं लागतं. स्पॅगेटीला चमचा नको, कापूही नका. तीन-चारच धागे काट्यात घ्या, काट्याची टोकं ताटाच्या कडेला टेकवा आणि फिरवा. जास्त घेतले की तोंडात न मावणारा गोळा होतो.