माझ्या भावाला कॅलिफोर्नियात काउंटी (जिल्हा) जेलची १८० दिवसांची शिक्षा झाली तर प्रत्यक्षात किती दिवस आत राहावं लागतं? चांगल्या वागणुकीबद्दल सूट मिळावी म्हणून आम्ही शेरीफला, म्हणजे जेल चालवणाऱ्या काउंटीच्या पोलिसप्रमुखाला, पत्र लिहावं का?

साधारण ९० दिवस. आणि पत्र लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही.

तुमच्या भावाला मिळणारी सूट ही कुणाची मेहेरबानी नाही. कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या (दंडसंहितेच्या) कलम ४०१९ नुसार दोन दिवस प्रत्यक्ष काढले की चार दिवस भोगले असं धरतात. वरच्या दोनांतला एक दिवस कामाचा, एक शिस्तीचा. काम दिलंच गेलं नाही तरी कामाचा दिवस बुडत नाही. दिलेलं काम नाकारलं आणि तशी नोंद झाली, तरच बुडतो. ‘साहेबांची मर्जी सांभाळ, लवकर सोडतील’ हा सल्ला आपले लोक फोनवरून सर्रास देतात. तो बंद करा. मिल्पिटासचं एल्मवुड जेल असो की डब्लिनचं सांता रीटा, तिथल्या डेप्युटीची (शेरीफच्या हाताखालच्या शिपायाची) मर्जी या हिशोबात कुठेच येत नाही.

दिवस बुडतात ते बहुतेक कोर्टाच्या कागदात, आणि घरच्यांनी खरं लक्ष घालायचं ते तिथेच. शिक्षेआधी कोठडीत काढलेले दिवस मोजणं हे कलम २९००.५ प्रमाणे न्यायाधीशाचं काम आहे. ‘ते जेलवाले बघून घेतील’ असं वकील म्हणाला तर ऐकून घेऊ नका. समजा, शनिवारी रात्री पावणेबाराला अटकेनंतर जेलमध्ये नोंद झाली आणि रविवारी सकाळी जामिनावर सुटला. हे दोन दिवस झाले, कारण दिवसाचा तुकडाही पूर्ण दिवस धरतात. पुढे आणखी ११ दिवस आत होता, म्हणजे प्रत्यक्ष १३. सूट दोन-दोनच्या जोडीनं मिळते, सुटा दिवस धरत नाहीत, म्हणून १२. एकूण २५ जमा, उरले १५५, म्हणजे अजून ७८ दिवस आत. पहिल्या रात्रीचे ते दोन दिवस नोंदवायचे राहिले तर जमा होतात २१ आणि आतले दिवस होतात ८०. दोनच दिवस, पण ते त्याच्या हक्काचे आहेत.

याहून मोठा फटका दोन खटले असले की बसतो. एकात जामीन भरलेला आणि दुसऱ्यात आत, तर ते दिवस दुसऱ्याच खात्यात जातात, पहिल्यात शून्य. जाणता वकील अशा वेळी पहिल्या खटल्यातला जामीन सोडून देऊन तिथेही ताबा दाखवतो, म्हणजे दोन्हीकडे दिवस पडू लागतात. शिवाय प्रोबेशनच्या (अटी घालून देखरेखीखाली मोकळं ठेवण्याच्या) तडजोडीत ‘आजवरचे दिवस सोडून देतो’ असा कागद पुढे करतात, त्याला जॉन्सन वेव्हर म्हणतात. सही केली की पुढे प्रोबेशन मोडल्यावरही ते दिवस सहसा परत मिळत नाहीत. सहीपूर्वी ‘फक्त याच शिक्षेपुरतं’ असं स्पष्ट नोंदवून घ्यायला लावा. कोर्टानं निवासी व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं असेल तर तिथले प्रत्यक्ष दिवस मोजतात, पण त्यांवर ४०१९ ची सूट मिळत नाही. हे आधी कुणी सांगत नाही.

शिस्तीचं म्हणाल तर मोठ्या आरोपाची सूचना लेखी मिळते. सुनावणी २४ तासांच्या आत घेत नाहीत आणि ७२ तासांच्या पलीकडे नेत नाहीत. त्याला स्वतः हजर राहून बोलता येतं. लवकर मोकळं व्हायचं म्हणून २४ तासांचा हक्क सोडून देणारे फार, आणि मग साक्षीला कोण होतं हेच आठवत नाही. तो हक्क सोडू नको, असं भावाला आजच सांगा.

भाऊ व्हिसावर असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. इमिग्रेशन बघतं ते सुनावलेली शिक्षा, भोगलेली नव्हे. हिंसेच्या गुन्ह्यात ३६५ दिवस सुनावले तर निम्म्यात सुटूनही कागदावर ते वर्षच राहतं. म्हणून तर २०१५ पासून कॅलिफोर्नियात मिस्डिमीनरची (किरकोळ गुन्ह्याची) कमाल शिक्षा ३६४ दिवस केली. त्याचे १८० या रेषेच्या आत आहेत, पण गुन्ह्याच्या प्रकारानुसार दुसऱ्या अडचणी येऊ शकतात. इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठा.

आता अपवाद. दोनाचे चार हे १ ऑक्टोबर २०११ पासून घडलेल्या गुन्ह्यांना लागू आहे. कायद्याच्या यादीतल्या हिंसक फेलनीला (गंभीर गुन्ह्याला) सूट फार तर १५ टक्के, खुनाला काहीच नाही. शिक्षाच चार दिवसांहून कमी असेल तरीही नाही. आणि गर्दीमुळे शेरीफ लवकर सोडतो ती वेगळीच गोष्ट, त्यावर विसंबू नका.

पत्राऐवजी कोर्टाच्या क्लार्ककडून कमिटमेंट ऑर्डरची (जेलमध्ये पाठवण्याच्या हुकमाची) प्रत घ्या. जेलमध्ये नोंद झाल्याची आणि सुटकेची प्रत्येक तारीख कागदावर मांडून ती ऑर्डरमधल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर ज्या कोर्टानं शिक्षा दिली तिथेच वकिलाकरवी लेखी दुरुस्ती मागा, आणि तीही लगेच. भाऊ सुटून आल्यावर ती दुरुस्ती मिळून काय करणार?