अरब देशांतले इस्लामवादी, म्हणजे धर्माच्या पायावर राजकारण करणारे पक्ष इतक्या झपाट्याने वर आले आणि तितक्याच झपाट्याने खाली का गेले?

या प्रश्नावर इजिप्तचं उदाहरण दिलं जातं. सगळेच देतात. पण माझ्या मते, पक्ष का पडला याचं उत्तर तिथे मिळत नाही. मुस्लिम ब्रदरहूड ही तिथली इस्लामवादी संघटना १९२८ साली हसन अल-बन्ना या शाळामास्तराने इस्माइलियात सुरू केली. दवाखाने, डॉक्टर-वकिलांच्या संघटना, १९९२ च्या कैरो भूकंपात सरकारच्या आधी पोचलेली मदत, अशा कामांतून ती घराघरांत गेली. २०१२ मध्ये ब्रदरहूडचे मोर्सी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, ३ जुलै २०१३ ला लष्कराने त्यांना हटवलं आणि पुढच्याच महिन्यात कैरोच्या राबा चौकात शेकडो माणसं मारली. लोक मोर्सींवर चिडले होतेच. पण पुढच्या निवडणुकीत त्यांनी काय केलं असतं, ते कळायची सोयच राहिली नाही.

म्हणून मी मोरोक्को बघा म्हणतो. तिथे लष्कर मध्ये पडलं नाही. न्याय आणि विकास पक्ष या तिथल्या इस्लामवादी पक्षाच्या संसदेतल्या ३९५ पैकी जागा बघा: २०११ मध्ये १०७, २०१६ मध्ये १२५ आणि २०२१ मध्ये १३. हो, तेराच!

महागाई, हे सोपं उत्तर मला पटत नाही. याच पक्षाचे पंतप्रधान बेनकिरान यांनी इंधनावरचं अनुदान काढलं, निवृत्तीचं वय ६० वरून ६३ कडे नेलं, तरी २०१६ मध्ये जागा वाढल्याच. गडी फर्डा बोलणारा. कामं अडवणाऱ्या बड्या मंडळींना तो भर सभेत ‘मगरी आणि भुतं’ म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं, आपला माणूस आत बसून भांडतोय.

ते भांडण २०१७ मध्ये संपलं. पाच महिने आघाडी जमेना, म्हणून मोरोक्कोच्या राजाने बेनकिरानना बाजूला करून त्यांच्याच पक्षाचे सादेद्दीन ओथमानी नेमले. आघाडीसाठी दुसऱ्या पक्षांनी घातलेल्या आणि बेनकिराननी नाकारलेल्या अटी ओथमानींनी काही दिवसांत मान्य केल्या. मग २०१९ मध्ये विज्ञान फ्रेंचमधून शिकवायची वाट मोकळी करणारा कायदा आला; अरबीचा कैवार घेणाऱ्या या पक्षाने तो अडवला नाही. डिसेंबर २०२० मध्ये इस्रायलशी संबंध जोडणाऱ्या घोषणेवर ओथमानींचीच सही. निर्णय राजवाड्याचा, सही यांची, शिव्याही यांनाच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

२०२१ ला मतांवरून पक्षांना जागा देण्याचं गणित बदललं होतं, त्याचा फटका मोठ्या पक्षांना बसणारच होता, हेही खरं. पण १२५ चे १३ नुसत्या गणिताने होत नाहीत.

आणि ती मतं काही सेक्युलर विचारवंतांकडे गेली नाहीत. १०२ जागा घेऊन पहिला आला तो अझीझ अखन्नूश या राजवाड्याच्या जवळच्या अब्जाधीशाचा पक्ष. २०१८ मध्ये लोकांनी याच माणसाच्या पेट्रोल पंपांवर बहिष्कार टाकला होता.