सफरचंदाच्या बेक्ड वड्या पहिल्यांदा करताना

बिनधास्त करा, केकपेक्षा सोप्या आहेत. इथे अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बागेतली ताजी सफरचंदं मिळतात, तेव्हाच हात बसवून घ्या.

खरी मेख सफरचंदात आहे. रेड डिलिशस दिसायला देखणं, पण भाजल्यावर त्याचा लगदा होतो. आंबट, कडक ग्रॅनी स्मिथ घ्या; 8 इंची चौकोनी ट्रेला मध्यम आकाराची 3 पुरतात. फोडी पातळ आणि एकसारख्या करून त्यांना चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा, नाहीतर सुटलेल्या रसाने तळ गिच्च होतो.

बटर फ्रिजमधलं गारच हवं, वितळवू नका. करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसं मैदा, ओट्स, साखरेला बोटांनी चोळा. मुटका वळला की थांबा. त्यातलं दोन तृतीयांश तळाशी दाबून 350 फॅरनहाइटला 15 मिनिटं नुसतंच भाजा. मग फोडी, वर उरलेला चुरा, आणि कडेने रस खदखदेपर्यंत, साधारण 40 मिनिटं.

सगळ्यात जास्त वड्या बिघडतात त्या गरम कापल्यामुळे. वास कितीही सुटू दे, दोन तास हात लावू नका.

कॅरॅमल वगैरे दोन-तीनदा जमल्यावर बघू.