महिन्यातून एकदा अख्ख्या डिस्कची इमेज काढली, तर वेगळा बॅकअप लागतो का?

हो, लागतो.

तुम्ही लिहिलंय की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने लॅपटॉपची पूर्ण इमेज, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअरं, फाइली अशा सगळ्यासकट डिस्कची प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेता, मग रोज फाइली कॉपी करत बसायचं कशाला. मी बारा वर्षं छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतोय आणि क्लोनझिलाचा पेन ड्राइव्ह कायम माझ्या बॅगेत असतो. विंडोज कोसळलं तर सगळ्या सॉफ्टवेअरसकट मशीन तासाभरात उभं करायला ते उत्तम आहे. रोजचं काम मात्र त्याच्या भरवशावर ठेवू नका.

एका कर सल्लागारांच्या ऑफिसात ऐन मार्चमध्ये टॅलीचं डेटा फोल्डर चुकून डिलीट झालं. इमेज होती, पण तीन आठवड्यांपूर्वीची. शिवाय क्लोनझिलाच्या इमेजमध्ये झिप फाइलसारखं आत जाऊन एक फोल्डर उचलता येत नाही, पूर्ण पार्टिशन (डिस्कचा अख्खा भाग, जसा सी ड्राइव्ह) कुठेतरी उतरवावं लागतं. त्याच मशीनवर उतरवलं असतं तर इतर फोल्डरांतलं तीन आठवड्यांचं कामही पुसलं गेलं असतं. म्हणून दुसरी डिस्क आणली, तिच्यावर इमेज उतरवली आणि त्यातून फोल्डर काढलं. मधल्या नोंदी परत भरायला दोघीजणी चार दिवस रात्री दहापर्यंत बिलांच्या फायली उघडून बसल्या होत्या. त्यांचे चेहरे अजून आठवतात.

तुम्ही महिन्याची मुदत ठेवलीत, त्याचंही कारण या पद्धतीतच आहे. क्लोनझिला फक्त बदललेला भाग घेत नाही, दरवेळी सगळं घेतं, आणि तोवर मशीन बंद. जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ३०० जीबीला जवळजवळ तीन तास. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, लावलेलं असेल तर कुलूप न उघडता भरलेली जागा कुठली नि रिकामी कुठली हे बाहेरून कळत नाही, मग रिकामी जागासुद्धा कॉपी होते. अ‍ॅक्रोनिस, मॅक्रियम ही सॉफ्टवेअरं विंडोज चालू असताना फक्त बदल घेतात, इमेजमधून एकच फाइलही काढून देतात. पण बदलांच्या त्या साखळीतली एक फाइल बिघडली की तिच्या पुढच्या सगळ्या निकामी. मॅक्रियमच्या मोफत आवृत्तीचे अपडेट तर १ जानेवारी २०२४ पासून बंद आहेत.

डिस्क बदलायची वेळ आली तर साइज नीट बघा. २५६ जीबी एसएसडीची इमेज २४० जीबीच्या नव्या एसएसडीवर क्लोनझिला सरळ उतरवत नाही, आत डेटा ७० जीबी असला तरी. मी हे भर दुपारी, गिऱ्हाईक शेजारी उभं असताना शिकलो. ५०० जीबीच्या डिस्कवर उतरवून, जीपार्टेड या पार्टिशनचा आकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने पार्टिशन लहान करून मग पुढचं काम. तेव्हा नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी घ्या. आणि वेगळ्या कंपनीच्या मशीनवर इमेज टाकली तर स्टोरेजचा ड्रायव्हर (डिस्क चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) न जुळून विंडोज सुरू न होता निळी स्क्रीन येऊ शकते.

मी असं करतो: नवं विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअरं टाकून झाली की एक इमेज, मग मोठ्या अपडेटच्या आधी एक. डॉक्युमेंट्स, फोटो, टॅलीचा डेटा रोज वेगळा कॉपी होतो, जुन्या आवृत्त्यांसह, आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर राहते. बाहेरची डिस्क काम झालं की काढून ठेवतो, कारण ती लावलेली असताना रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर इमेजची फाइलही त्यात जाते.

तुमच्या इमेजवरून आजवर एकदाही रिस्टोर केलं नसेल, तर येत्या रविवारी नवी काढू नका. लॅपटॉपमधली डिस्क काढून बाजूला ठेवा, तिच्या जागी रिकामी डिस्क बसवा, जुनी इमेज तिच्यावर उतरवा आणि विंडोज सुरू होतंय का बघा. टार्गेट, म्हणजे इमेज जिच्यावर उतरवायची ती डिस्क, निवडताना डिस्कचं नाव आणि साइज दोनदा वाचा. तिथे चुकून भलतीच डिस्क निवडली गेली तर तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल.