लिओनिड्स: २०३१ च्या भरवशावर थांबावं का?

लिओनिड्स म्हणजे दर नोव्हेंबरात सिंह राशीकडून येताना दिसणाऱ्या, टेम्पल-टटल धूमकेतूच्या धुळीच्या उल्का. तुमचे प्रश्न दोन. टेम्पल-टटल धूमकेतू २०३१ मध्ये परत येतोय, तर १९६६ सारखा उल्कांचा पाऊस दिसेल का? आणि बातम्यांत ‘ताशी १५ उल्का’ छापून येतं, मग पुण्यात गच्चीवरून तासाभरात जेमतेम एकच का दिसते?

धूमकेतू आला की पाऊस आलाच, हा हिशेब १८९९ मध्येच फसलाय. १८३३ आणि १८६६ ला जोरदार वर्षाव झाले, ३३ वर्षांचं चक्र लक्षात आलं आणि १८९९ ला युरोप-अमेरिकेत लोक रात्र रात्र जागले. हाती फारसं काही लागलं नाही. गुरू-शनीच्या ओढीनं धूळ बाजूला सरकली आहे, असं स्टोनी आणि डाउनिंग या खगोलशास्त्रज्ञांनी गणित करून आधीच सांगितलं होतं. पण तोवर गाजावाजा होऊन गेला होता.

खरी गोम अशी की धूमकेतू दर फेरीला सूर्याजवळ धूळ सोडतो आणि त्या त्या फेरीच्या धुळीचा वेगळा, अरुंद, लांबलचक पट्टा तयार होतो. ग्रह प्रत्येक पट्ट्याला निरनिराळं ओढतात. त्यामुळे भाकीत करायचं तर धूमकेतू कुठे आहे यापेक्षा पृथ्वी कुठल्या सालच्या पट्ट्यातून जाणार हे बघावं लागतं. गंमत बघा, १९६६ चा पाऊस १८९९ च्या फेरीत सुटलेल्या धुळीचाच होता! १९९९ चाही तिचाच. त्या वेळी ॲशर आणि मॅकनॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १८ नोव्हेंबरला जागतिक वेळेनुसार २:०८ चा मुहूर्त काढला होता. प्रत्यक्ष शिखर पाच-सहा मिनिटं आधी आलं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजून गेलेले, म्हणजे ते सगळं उजेडात वाया गेलं. म्हणून बातमीतली तारीख बघून जागू नका, वेळेत साडेपाच तास मिळवून बघा.

२०३१ च्या फेरीत धूमकेतूची वाट पृथ्वीच्या वाटेपासून १९९८ पेक्षा जास्त दूर असेल. थोडी वाढ होईल, पण १९६६ ची आशा मी तरी धरणार नाही.

आता १५ चा आकडा. उगमबिंदू (जिथून उल्का येताना भासतात ती जागा) अगदी डोक्यावर आणि ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतकं काळं आकाश, असं धरून तो काढलेला असतो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा अंधुक). गच्चीवरून ४.५ प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील तर दोन प्रतींच्या फरकानं आकडा सहापटीहून खाली येतो. त्यात रात्री दोनला सिंहेचा उगमबिंदू जेमतेम वीसेक अंश वर असतो, म्हणून उरलेलं निम्म्याहून कमी. झाली एक उल्का! तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. तेच पहाटे पाचला, सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसणाऱ्या गावाकडच्या माळावर, आठ-नऊ दिसायला हरकत नाही.

दुर्बीण घरीच ठेवा. चटई, कानटोपी, दवासाठी प्लॅस्टिक, आणि मोबाइल खिशात. एकदा स्क्रीन बघितली की डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात. नजर मघाच्या, म्हणजे उगमबिंदूजवळच्या सिंहेतल्या ठळक ताऱ्याच्या, जवळ रोखू नका, थोडी बाजूला ठेवा, तिथे रेषा लांब दिसतात. मोजणार असाल तर दर पाव तासाचा आकडा वेगळा लिहा. आणि संथ, पिवळसर उल्का वृषभेकडून येताना दिसली तर ती टॉरिड, एंके धूमकेतूची. लिओनिड सेकंदाला ७१ किलोमीटरनं येते, ती अशी रेंगाळत नाही.