१४ महिन्यांची मुलगी "काहीच खात नाही": आधी ती कशी खाते ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी १४ महिन्यांची, जन्माचं वजन २.७ किलो, आता ८.३, फक्त मिक्सरमधून काढलेली खिचडी चालते, भाताचं एक शीत लागलं तरी ओकारी काढते, एकेक जेवण तासभर, मोबाईल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि सासूबाई म्हणतायत पडजीभ वाढलीये, अमुक बाईंकडून दाबून आणू. सगळ्यात आधी हे की पडजीभ कुणालाही दाबू देऊ नका. घशाला जखम होते, आणि जी पोरगी आधीच तोंडात काही आलं की घाबरते तिच्या तोंडात परक्या बाईचं बोट कशाला घालायचं.

मी डॉक्टर नाही, पण धाकट्याच्या वेळी याच चक्रातून गेलेय, म्हणून जरा लांबण लावते.

वजनाचं आधी उरकते. वर्षाच्या सुमारास जन्माच्या तिप्पट होतं, म्हणजे तुमची ८.१ ला असायला हवी होती, तिथे ती आहे. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात १४ महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन ९.४ आणि कमी वजनाची रेघ ७.४ च्या आसपास, म्हणजे ती मधे कुठेतरी आहे. पण एका आकड्यावरून काही कळत नाही हो, अंगणवाडीचं ते माता बाल कार्ड काढा आणि मागची सगळी वजनं त्यावर टिंबं टिंबं करून जोडा, रेघ आपल्या वाटेने वर चाललीये का आडवी पडलीये का खालच्या रेघा ओलांडतेय, डॉक्टर पण तेच बघणार. दुसऱ्या वर्षात पोरं अख्ख्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतात, त्यामुळे भूक खरंच कमी होते आणि आपल्याला वाटतं नजर लागली.

आता माझ्या पोराचं. सव्वा वर्षाचा होता, अगदी तुमच्यासारखंच. तीन डॉक्टर झाले, दोघांनी भुकेचं टॉनिक दिलं, तिसऱ्यांनी स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मी वैतागले, म्हटलं अहो बोलतो तो व्यवस्थित, खात नाही! नंतर कळलं की चावणं-गिळणं बघायचं काम पण त्यांचंच. त्या बाईंनी सांगितलं घरचीच वाटी, घरचाच चमचा आणि रोजचं जेवण घेऊन या, आणि भुकेला आणा. दहा मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या बघत बसल्या. मग म्हणाल्या, पहिला घास तोंडात असतानाच तुम्ही दुसरा चमचा ओठाला लावताय, हे तुमच्या लक्षात येतंय का? नव्हतं आलं. मग त्याचे लोंबकळणारे पाय दाखवले आणि खाली एक पाट सरकवला, पाय टेकल्याबरोबर पोरगं सरळ बसलं. मग बाळाचा ब्रश वरणात बुडवून एका बाजूच्या हिरडीला लावला आणि जीभ तिकडे जाते का ते पाहिलं. जीभ जायचीच नाही! नुसती पुढे-मागे, दूध ओढताना हलते तशी. घास दाढेकडे ढकलायला जीभ आडवी फिरावी लागते, आणि ते पोर शिकतं कण असलेलं खाऊन. आम्ही उष्टावणापासून सगळं मिक्सरमधून काढलेलं, घशात अडकेल या भीतीने, मग शिकणार कुठून. नऊ-दहा महिन्यांपर्यंत कण सुरू झाले नाहीत तर पुढे पोरं जास्त कटकट करतात हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

म्हणून तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे की तीन दिवस किती खाल्लं ते मोजूच नका, कशी खाते ते बघा. मोबाईल तिला दाखवायच्या ऐवजी तिचंच शूटिंग करा, एक जेवण पूर्ण. वहीत लिहा, किती वाजता, काय, किती मिनिटं, ओकारी नेमकी कशाला आली, घास गालात धरून ठेवते का, स्वतः हात घालते का आणि कोण भरवत होतं (माझ्याकडे थुंकायचा आणि आजोबांच्या ताटातलं मेतकूट भात चोरून खायचा, तेही लिहिलं होतं मी). आणि दूध, दिवस-रात्र मिळून, झोपेतली बाटली धरून. आमच्याकडे ९०० मिली निघालं! दिवसाला ४००-५०० च्या वर दूध गेलं की पोटात जागाच राहत नाही, दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि लोह कमी झालं की भूक आणखी मरते, असं ते चक्र. हिमोग्लोबिन तपासून घ्याच. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं ॲनिमिक निघालीत. बद्धकोष्ठ आहे का तेही बघा, ते बऱ्याचदा विसरलं जातं.

ओकारी आणि अडकणं यातला फरक घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. ओकारीत आवाज येतो, तोंड लाल होतं, जीभ बाहेर येते आणि घास पुढे फेकला जातो, ते शरीराचं संरक्षण आहे, आपण किंचाळलो की पोर त्या घासालाच घाबरतं. अडकलं तर आवाज बंद, श्वास नाही, ओठ निळे, तिथे एक सेकंद थांबायचं नाही.

पण पुढचं काही दिसलं तर वही-बिही ठेवा बाजूला आणि बालरोगतज्ज्ञ गाठा: पाणी-दूध पिताना दर वेळी ठसका, प्यायल्यावर गुळगुळ ओला आवाज, सारखा न्यूमोनिया, पिताना घाम येऊन धाप लागणं, नाकातून दूध येणं, शीमधून रक्त, आधी खात होती ते अचानक सोडून देणं, किंवा वजन खाली येणं. ठसक्यात कधी कधी अन्न श्वासनलिकेत जात असतं, ते बाहेरून नुसतं बघून ठरत नाही, बेरियम पाजून एक्सरेवर गिळणं बघावं लागतं. आणि नावाने हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवत नाही, ठराविक रंगाचंच खाते असं असेल तर तेही न लाजता सांगा. खाजगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) आहे का विचारा, आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेतलं आहे, तिथे मोफत बघतात.

तोवर घरी मिक्सर एकदम बंद करू नका, उपाशी राहील. आज वाटलेल्या खिचडीत एक चमचा काट्याने कुस्करलेली, चार दिवसांनी दोन चमचे, असं. अर्ध्या तासात ताट उचला, संपो न संपो. मधे अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही नाही, बिस्कीट सुद्धा नाही, आजीला आधी पटवा. आम्हाला पोळीच्या तुकड्यापर्यंत यायला पाच महिने लागले.

दूध नक्की किती होतं ते वाटीने मोजून इथे लिहा, आणि कार्डावरची मागची तीन वजनंही टाका, मग बोलू.