फ्लॉपीवरच्या जुन्या गेमचं व्हर्जन कसं ओळखायचं?

लेबलवर नुसतं गेमचं नाव आहे म्हणताय, तर लेबल सोडा, त्यावर काय विश्वास ठेवायचा. आधी फ्लॉपी राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिलं जाणार नाही (साडेतीन इंचीची खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने बंद, बरोब्बर उलटं आहे ते) आणि मग डॉसमध्ये (जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) डीआयआर ही फायलींची यादी दाखवणारी कमांड मारून फायलींच्या तारखा बघा. वेळ पण बघा हां, काही कंपन्या वेळेतच व्हर्जन लपवायच्या, एमएस-डॉस ६.२२ च्या फायलींवर ६:२२ असतं तसं. सिएरा या गेम कंपनीच्या बऱ्याच गेममध्ये व्हर्जन नावाची फाईलच सापडते आणि डूम हा गेम तर सुरू होतानाच व्हर्जन सांगतो. तरी नाही कळलं तर फ्लॉपीची इमेज (हुबेहूब प्रत असलेली फाईल) काढून तिचा चेकसम, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, माहीत असलेल्या व्हर्जनच्या चेकसमशी जुळवा, फक्त गेमने फ्लॉपीवरच सेव्ह किंवा हायस्कोर लिहिला असेल तर तो जुळणार नाही.